जर्मनीत पत्र येतं, परभणीत फॉरवर्ड येतो

‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी.’ हे वाक्य माहीत नाही असा परभणीकर शोधून सापडायचा नाही. पुण्याला, संभाजीनगरला होस्टेलवर गेलं की पहिल्याच आठवड्यात आपण ते रूम पार्टनरला ऐकवतो. तर मग आज जरा खरोखरच जर्मनीशी तुलना करून बघू. विषय तुम्हाला म्हाताऱ्या माणसांचा वाटेल, पण लगेच पान उलटू नका. विषय आहे पेन्शन.

जर्मनीत वयाची २७ वर्षं पूर्ण झालेल्या आणि किमान पाच वर्षं पेन्शनचा हप्ता भरलेल्या माणसाला दरवर्षी सरकारी पेन्शन संस्थेकडून एक पत्र येतं. त्यात मुख्य आकडे तीन. आज अचानक काम करता येईनासं झालं तर किती पेन्शन मिळेल, आतापर्यंत भरलेल्या पैशांवर किती मिळेल, आणि असंच भरत राहिलं तर निवृत्तीच्या वेळी किती मिळेल. बस्स. २००२ पासून ही पत्रं टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी त्यांचा परिणाम तपासला, तेव्हा दिसलं की पत्र हातात पडल्यावर लोक म्हातारपणासाठी स्वतःहून जास्त बचत करायला लागले. कुणी भाषण दिलं नव्हतं, मोर्चा काढला नव्हता. स्वतःच्या नावाचा एक साधा कागद आला होता.

आता आपल्याकडे या. आपल्याला पेन्शनबद्दल काय येतं? व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड येतो.

मार्च २०२३ आठवा. तुमच्यापैकी कुणाची बारावीची, तर कुणाच्या धाकट्या भावंडांची दहावीची परीक्षा चालू होती. १४ मार्चला राज्यातले सुमारे १७ लाख सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. घोषणा एकच होती, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. जिल्हा परिषद, तहसील, शाळा, दवाखाने, सगळीकडे काम ठप्प. त्याच आठवड्यात मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. गहू, ज्वारी आडवी पडली आणि पंचनामा करायला तलाठी नाही. एकाच गावात एका घरात संपाचा नारा, शेजारच्या घरात संपाला शिव्या. २० मार्चला संप मागे घेतला गेला. घराघरांतलं भांडण मात्र मिटलं नाही.

त्या सात दिवसांत आपल्या मोबाइलवर काय काय आलं ते आठवून बघा. मास्तर लोकांच्या ग्रुपवर एक प्रकारचे मेसेज, स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपवर बरोबर उलटे. ‘आम्ही अर्ध्या पगारावर काम करायला तयार आहोत, पेन्शन पण नको’ अशा पोस्ट बेरोजगार पोरांनी धडाधड टाकल्या. आणि आपलं मत काय झालं? प्रामाणिकपणे सांगा. ज्या ग्रुपमध्ये आपण जास्त वेळ होतो, तेच आपलं मत झालं. ज्याचे वडील शिक्षक तो जुन्या पेन्शनच्या बाजूने, ज्याचे वडील शेतकरी तो विरोधात. मत आधी ठरलं, माहिती नंतर गोळा झाली, आणि तीही मताला शोभेल एवढीच.

आधी मूळ प्रकरण थोडक्यात. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. पूर्ण सेवा झाली की शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा, त्यावर महागाई भत्ता, आणि पगारातून यासाठी कपात नाही. त्या तारखेनंतर लागलेल्यांसाठी अंशदायी योजना आली, पुढे ती राष्ट्रीय पेन्शन योजनेत म्हणजे एनपीएसमध्ये गेली. यात कर्मचाऱ्याच्या पगारातून १० टक्के कापतात, सरकार १४ टक्के घालतं, पैसे बाजारात गुंतवले जातात. निवृत्तीला जमलेल्या रकमेतून ६० टक्क्यांपर्यंत हातात घेता येतात, उरलेल्या किमान ४० टक्क्यांतून पेन्शन विकत घ्यायची. किती मिळेल याची हमी नाही. म्हणजे एकाच शाळेत, एकाच वर्गाला शिकवणारे दोन सर. एकाचं म्हातारपण ठरलेलं, दुसऱ्याचं बाजारावर. फरक फक्त रुजू होण्याच्या तारखेचा. राग येणं साहजिक आहे.

आता तीन फॉरवर्ड घेऊ. तिन्ही तुम्ही पाहिलेले असणार. गंमत म्हणजे यातला एकही सरळसरळ खोटा नाही. प्रत्येक जण अर्धा आहे.

पहिला फॉरवर्ड: ‘एनपीएसवाल्याला निवृत्तीनंतर फक्त दोन हजार रुपये पेन्शन!’ असं खरंच होऊ शकतं. हिशोब करून बघा. समजा एखादा कर्मचारी वयाने उशिरा लागला, जेमतेम दहा-बारा वर्षं नोकरी झाली आणि खात्यात १० लाख जमले. त्यातल्या ४ लाखांची पेन्शन घेतली, वर्षाला साधारण ६ टक्के दर धरला, तर वर्षाचे २४ हजार, म्हणजे महिन्याचे दोन हजार. फोटो खरा. पण त्या माणसाने ६ लाख रोख घेतले हे फोटोत नाही. आणि तीस वर्षं नोकरी करणाऱ्याची जमा याहून कितीतरी मोठी असेल हेही नाही. आता दुसरी बाजूही ऐका. समजा एखाद्याचा शेवटचा मूळ पगार ४० हजार आहे. पूर्ण सेवा झालेली असेल तर जुन्या योजनेत त्याला २० हजार आणि वर महागाई भत्ता मिळतो, तोही दरवर्षी वाढत जाणारा. एनपीएसमधून घेतलेली पेन्शन महागाईबरोबर अशी आपोआप वाढत नाही. म्हणजे फोटो अतिशयोक्त असला तरी ज्या भीतीतून तो फिरला ती भीती खोटी नाही.

दुसरा फॉरवर्ड: ‘जुनी पेन्शन दिली तर राज्य दिवाळखोरीत जाईल.’ डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हेच सांगितलं होतं, १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल म्हणून. महिनाभरातच आपल्या औरंगाबाद शिक्षक मतदारसंघाची निवडणूक लागली, परभणीचे शिक्षकही त्यात मतदार. प्रचारात सरकारचा सूर एकदम मवाळ झाला, आम्ही नकारात्मक नाही, अभ्यास चालू आहे. महिन्याभरात तिजोरी बदलली नव्हती. समोर बसलेले लोक बदलले होते. माहिती कुणासमोर ठेवायची यावर माहिती कशी बदलते, याचं याहून चांगलं उदाहरण मास कॉमच्या पुस्तकात मिळणार नाही.

आणि बोजा पडणार कधी? हा प्रश्न दोन्ही बाजूंनी टाळला. नीट बघा. आज राज्याच्या तिजोरीतून जी पेन्शन जाते ती मुख्यतः २००५ च्या आधी लागलेल्यांची आहे. ती जुन्या नियमानेच जाते आणि जात राहणार. नोव्हेंबर २००५ नंतर पंचविशीत लागलेला कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल तो २०३८ च्या पुढे-मागे. म्हणजे आज जुनी योजना परत आणली तर सुरुवातीची काही वर्षं सरकारचे उलट पैसे वाचतात, कारण दरमहा भरायचे १४ टक्के बंद होतात. खरं बिल येतं पंधरा-वीस वर्षांनी. सप्टेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या मासिकातल्या एका अभ्यासाने हेच मांडलं: सगळी राज्यं जुन्या योजनेकडे वळली तर एकूण बोजा एनपीएसच्या सुमारे साडेचार पट होऊ शकतो, पण तो वाढत वाढत पुढच्या दशकांत येणार. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल या राज्यांनी परतीचा निर्णय घेतला तेव्हा म्हणूनच तो सोपा वाटला. टाळ्या आज, बिल उद्या.

आणि उद्याचं बिल कुणाच्या नावाने फाटणार? आज तुम्ही वीस वर्षांचे असाल तर तेव्हा तुम्ही पस्तिशीच्या आसपास असाल, कमवत असाल, पेट्रोलपासून साबणापर्यंत प्रत्येक गोष्टीवर कर भरत असाल. त्या वेळी राज्याकडे नवीन भरतीला पैसे उरले नाहीत, तर त्याचा फटका तुमच्या लहान भावाला बसेल. एवढा साधा धागा संपाच्या आठवड्यात ना मोर्चाच्या भाषणात आला, ना मोर्चाच्या विरोधातल्या रीलमध्ये.

तिसरा फॉरवर्ड, सगळ्यात जास्त चाललेला: ‘आमदाराला पाच वर्षांत पेन्शन, मग आम्हाला का नाही?’ एकदा निवडून आलेल्या माजी आमदाराला महिन्याला ५० हजारांपासून पेन्शन आहे. हे खरं आहे आणि खटकण्यासारखंच आहे. न्यायाचा प्रश्न म्हणून तो शंभर टक्के रास्त. पण पैशांच्या हिशोबाचं उत्तर म्हणून त्याचा उपयोग नाही. माजी आमदार काहीशे, कर्मचारी काही लाख. आमदारांची पेन्शन उद्या बंद केली तरी लाखो कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा प्रश्न तिथंच राहतो. संतापाचा आकडा आणि हिशोबाचा आकडा वेगळे असतात. फॉरवर्ड मात्र पहिला दाखवून दुसऱ्याचं उत्तर मिळाल्यासारखं वाटायला लावतो.

आता विरोधातल्या मित्रांसाठीही एक गोष्ट. ‘पेन्शन म्हणजे फुकटची खैरात’ असं स्टेटस ठेवणाऱ्यांनी १७ डिसेंबर १९८२ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही सरकारच्या मर्जीची बक्षिसी नाही, केलेल्या सेवेच्या बदल्यात मिळणारा तो हक्क आहे. म्हणूनच त्या तारखेला निवृत्तिवेतनधारक दिन पाळतात. वाद घालायचा तर पेन्शन कशी द्यायची, किती द्यायची, कुणाकुणाला द्यायची यावर घाला. म्हाताऱ्या माणसाच्या ताटावर घालू नका.

तुम्ही म्हणाल, माहिती दिल्याने खरंच मत बदलतं का? इटलीत टिटो बोएरी आणि ग्विदो ताबेलिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे तपासलं. पेन्शन व्यवस्था कशी चालते आणि तिला किती खर्च येतो हे लोकांना कितपत ठाऊक आहे ते विचारलं, माहिती पुरवली आणि मग सुधारणांबद्दल पुन्हा मत घेतलं. निष्कर्ष असा की ज्यांना व्यवस्था नीट समजली ते बदल स्वीकारायला जास्त तयार होते. २०१२ मध्ये हा अभ्यास छापून आला. सरकारी बाबूंना हे वाचून आनंद होईल: लोकांना खर्च सांगा, विरोध मावळेल!

थांबा, एवढं सोपं नाही. कागदावर काय छापायचं हे कोण ठरवतं? फक्त खर्चाचा आकडा छापला तर लोक कपातीला तयार होतील. फक्त दोन हजारांचा फोटो छापला तर लोक जुन्या पेन्शनला तयार होतील. निवडलेली माहिती ही सुद्धा एक घोषणाच असते, फक्त तिला आकड्यांचे कपडे घातलेले असतात. म्हणून नुसती ‘माहिती द्या’ ही मागणी पुरत नाही. दोन्ही बाजूंची, एकाच पानावर आणि माझ्या नावाची द्या, अशी मागणी हवी.

आणि माहिती नाही दिली तर काय होतं तेही आपण पाहिलंय. अंशदायी योजनेत आपल्या पगारातून कापलेल्या पैशांचा, सरकारच्या वाट्याचा हिशोब वेळेवर हातात मिळत नाही, ही शिक्षक संघटनांची कित्येक वर्षांची तक्रार. ज्याचे पैसे दर महिन्याला कापले जातात आणि चिठ्ठी मिळत नाही, त्याने त्या योजनेवर विश्वास का ठेवावा? जिथं सरकारी कागद पोचत नाही तिथं अफवा पोचते, आणि तिला टपालखर्चही लागत नाही. संपाचं एक कारण योजना होती, दुसरं कारण हा अविश्वास होता, असं मला वाटतं.

संपानंतर गोष्टी हलल्या. सुबोध कुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीकडे प्रश्न सोपवला होता. ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने सेवेत असताना मृत्यू झालेल्या एनपीएसधारकांच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्ग मोकळा झाला. जानेवारी २०२४ मध्ये, ज्यांची जाहिरात नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली पण नेमणूक नंतर झाली अशांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली: पंचवीस वर्षं सेवा झाली की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची हमी, पण पगारातली १० टक्के कपात चालूच. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारायचं ठरवलं. यातलं तुमच्या ग्रुपवर किती आलं? भांडण जेवढं व्हायरल झालं तेवढी तडजोड झाली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या सगळ्या वादात परभणी जिल्ह्यातली बहुतेक घरं नाहीतच. जिंतूर, पालम, सोनपेठच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कोणतीच पेन्शन नाही, ना जुनी ना नवी. खासगी कारखान्यातून निवृत्त झालेल्याला ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ पासून महिन्याला हजार रुपये. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेत दीड हजार. गावातल्या आजी बँकेच्या पायरीवर बसून या दीड हजाराची वाट बघतात, त्यांचा मोर्चा निघत नाही, म्हणून त्यांचा फॉरवर्डही नाही. आणि आपण, ज्यातले बहुतेक जण सरकारी नोकरीच्या मागे आहोत पण ज्यांतल्या थोड्यांनाच ती लागणार आहे, आपण मात्र दुसऱ्यांच्या पेन्शनवर कडाकडा भांडतो. स्वतःच्या पेन्शनवर एक मिनिट बोलत नाही.

एक उदाहरण तुमच्या खिशातलं. अटल पेन्शन योजना १८ ते ४० वयाच्या, आयकर न भरणाऱ्या बँक खातेदारासाठी आहे. विसाव्या वर्षी महिन्याला २४८ रुपये भरायला सुरुवात केली तर साठीनंतर महिना ५ हजारांची हमी. ही झाली जाहिरातीची बाजू. दुसरी बाजू स्वतः काढा: महागाई दरवर्षी ५ टक्के धरली तर चाळीस वर्षांनंतरचे ५ हजार म्हणजे आजचे साधारण सातशे रुपये. मग योजना वाईट का? नाही. नसण्यापेक्षा बरी, पण एवढ्यावर म्हातारपण निघेल असं समजू नका. छोट्या शेतकऱ्यांसाठी २०१९ पासून मानधन योजना आहे, वयानुसार महिन्याला ५५ ते २०० रुपये भरून साठीनंतर ३ हजार. तिलाही हाच हिशोब लावा. दोन्ही बाजू एका पानावर म्हणतो ते हेच.

तर मागणी काय? सरकारकडे तीन. प्रत्येक कर्मचाऱ्याला आणि प्रत्येक पेन्शन योजनेच्या खातेदाराला वर्षातून एकदा, मराठीत, एका पानाचा हिशोब द्या: किती भरले, किती जमले, असंच चाललं तर किती मिळेल, आणि आजच्या पैशांत त्याची किंमत काय. दुसरी, पेन्शनवरच्या कोणत्याही निर्णयाबरोबर पुढच्या तीस वर्षांचा खर्च वर्षानुसार जाहीर करा. ‘बोजा पडेल’ एवढं म्हणून चालणार नाही, कधी आणि किती ते सांगा. तिसरी, ज्यांना काहीच नाही त्यांचा आकडा त्याच पानावर छापा.

आणि तुमच्याकडे एकच. पुढचा संप होईल, पुढची निवडणूक येईल, तेव्हा पेन्शनचा मेसेज पुढे ढकलण्याआधी चार प्रश्न विचारा. हा आकडा महिन्याचा की वर्षाचा की तीस वर्षांचा? यात कोणती अर्धी गोष्ट गाळलीय? पैसे कोण देणार, आणि कधी? हे ऐकून कुणाचा फायदा? कॉलेजच्या कट्ट्यावर शिक्षकाचा मुलगा आणि शेतकऱ्याची मुलगी शेजारी बसतात. दोघांनी मिळून एकदा हे प्रश्न सोडवून बघा. कदाचित दोघांचं मत तेच राहील. पण मग ते मत तुमचं असेल, ग्रुप ॲडमिनचं नाही.

भारतात परभणी म्हणायला आपल्याला आवडतं ना? मग जर्मनीसारखं पत्र मागायला लाजायचं कशाला?